पेलमोरची चौकशी

१

रविवारी दुपारी चार वाजता आमच्या रीडिंगच्या घरातून कॅनडाला फोन लागायचा, आणि तो लावायचा मान संजयकाकांचा. ते दोन गल्ल्या सोडून राहतात, पण रविवारी आमच्याकडेच जेवतात. जेवण झालं की ऑक्सफर्ड रोडवरच्या दुकानातून आणलेलं फोन कार्ड नाण्याने खरवडायचं, त्यावरचे बारा आकडे मोठ्याने वाचत दाबायचे आणि फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांनी भोवती बसायचं. चारच वाजता, कारण तेव्हा तिकडे सकाळचे दहा झालेले असतात आणि माणसं चहा-आंघोळ उरकून बोलायला मोकळी असतात.

२००५ सालचा जानेवारी होता. माझी मोठी बहीण चैत्राली, वय अठ्ठावीस, हिला कॅनडाच्या उत्तरेकडच्या मैदानातल्या पेलमोर नावाच्या छोट्या शहरातून स्थळ आलं होतं आणि त्याची चौकशी चालली होती. चौकशी म्हणजे काय ते मराठी घरात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. मुलाला काही विचारायचं नसतं. मुलीला तर नाहीच नाही. ओळखीतून ओळख काढत त्या गावातली तीन मराठी माणसं शोधायची, त्यांना फोन करायचा, आणि त्यांनी 'घर चांगलं आहे' म्हटलं की निर्धास्त व्हायचं. ही तीन माणसं स्वतः कोण, कशी, याची चौकशी कुणी करत नाही.

पहिल्या रविवारी शशीकाकू मिळाल्या. आईची नाशिकची मैत्रीण यमुनामावशी, तिची ही नणंद. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन पेलमोरला गेलेली. त्यांनी मुलाचं कौतुक केलं. मग आईने विचारलं, "आणि थंडीचं कसं काय?"

"बाहेर थंडी आहे, पण आत आलं की काही वाटत नाही," शशीकाकू म्हणाल्या. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. "थांबा हं, गॅस बंद करते."

दुसऱ्या रविवारी मिलिंद नावाचा माणूस, काकांच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाचा तरी भाचा. जाड आवाजाचा, एकटा राहणारा. आईने थंडीचं विचारलं.

"बाहेर थंडी आहे, पण आत आलं की काही वाटत नाही." तीन शिट्ट्या. "थांबा हं, गॅस बंद करतो."

मी काकांकडे बघितलं. काका केळ्याचे वेफर्स खात होते.

तिसऱ्या रविवारी सुचेता नावाची नर्स होती. आई थंडीवर आली तशी मी ताईच्या कानाशी वाकून ते वाक्य हळूच म्हटलं आणि तीन बोटं वर धरली. फोनमधून वाक्य आलं. एक शिट्टी, दोन, तीन. ताईने माझी बोटं धरून खाली केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"झालं," काका म्हणाले. "तिघांचंही एकच म्हणणं आहे. आता शंकेला जागा नाही."

२

"काका, ते तिघं शब्दन्‌शब्द एकच बोलले."

"म्हणजे खरं बोलले."

"आणि कुकर?"

"मराठी माणसाच्या घरी रविवारी सकाळी कुकर नाही लागणार तर काय लागणार? वरणभात लावला असेल."

"तिघांच्या घरी, तीन वेगळ्या रविवारी, त्याच वाक्यानंतर?"

"तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या असत्या तर तू म्हणाली असतीस, काहीतरी लपवतायत." काका आईकडे वळले. "श्यामला, हिला सोशिऑलॉजी शिकवली ही आपली चूक झाली."

आपली. काकांनी मला साधी सायकलही शिकवलेली नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या हसण्याचा. विरोध केला तर निदान भांडता येतं. आमच्याकडे मोठी माणसं हसतात, मग एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी चहा टाकायला उठतं, आणि तुमचं म्हणणं त्या चहात बुडून जातं. बाबा तर हसतही नाहीत. ते पेपरची घडी बदलतात.

मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सुश्रुत नाताळात चार दिवस येऊन काकांकडे राहिला होता. पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर. आईच्या हातची आमटी त्याने दोनदा मागून घेतली, बाबांशी क्रिकेटवर बोलला, ताईसाठी दार उघडून धरलं. आम्ही तिघं टाउनमध्ये गेलो तेव्हा बर्फ-पाऊस एकत्र पडत होता आणि हा नुसत्या शर्टावर बस स्टॉपला उभा होता.

"थंडी नाही वाजत?" मी विचारलं.

"ही थंडी नाही," तो सभ्यपणे म्हणाला.

"पेलमोरमध्ये तुला काय आवडतं?"

त्याने बस येईपर्यंत विचार केला. "बाहेर पडावंच लागत नाही," तो म्हणाला.

रात्री ताईला विचारलं, कसा वाटला. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या चष्म्यांच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते. कुठलीही गोष्ट प्रकाशात धरून दोनदा बघितल्याशिवाय बोलत नाही. "बरा आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईने नाशिक, पुणे आणि लेस्टरला फोन करून कळवलं की चैत्रालीला मुलगा पसंत आहे.

तुला काय हवंय, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी फक्त तिच्या बाजूने भांडत होते.

३

माझं तोंड बंद करायला काकांनी मला काम दिलं. "तू एवढी शिकलेली, त्या शहराची माहिती काढ. लोकसंख्या, हवामान, सगळं. टाइप करून आण."

मी तेव्हा मोटरवेच्या कडेला असलेल्या एका विमा कंपनीत टेम्पचं, म्हणजे तात्पुरतं काम करत होते. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या कम्प्युटरवर बसून मी पेलमोर गोळा करायला लागले. दहा दिवसांत दोन पानं झाली. त्यातलं थोडं इथे देते, कारण काकांनी ती पानं पूर्ण वाचली नाहीत आणि कुणीतरी वाचावीत असं मला अजूनही वाटतं.

पेलमोर. लोकसंख्या चौदा हजार. चारही बाजूंना सपाट गव्हाची शेतं, शहर पंधरा मैलांवरून दिसायला लागतं. आधी धान्याची उंच कोठारं, मग पाण्याची टाकी, मग घरं. जानेवारीतलं सरासरी तापमान उणे एकोणीस. मोटारी रात्री विजेच्या प्लगला लावून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिन सुरू होत नाही. दोन आइस रिंक, एक वाचनालय, अडतीस खाटांचं हॉस्पिटल. रेल्वे आहे, ती धान्य नेते. माणसांची गाडी १९७१ साली बंद झाली. शहराच्या वेबसाइटवर लिहिलं आहे की इथे आलेली माणसं इथेच राहतात.

त्या वेबसाइटवर मेन स्ट्रीटचा कॅमेरा होता. दर पंधरा मिनिटांनी एक नवा फोटो. मी जेवणापासून घरी जाईपर्यंत तो कोपऱ्यात उघडा ठेवायचे. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बसकी दुकानं आणि घरं, बर्फ, आणि तिकडे उजाडल्यावरही प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा. रस्त्यावर माणूस कधी दिसला नाही. हे मला विचित्र वाटलं नाही. उणे एकोणीसमध्ये मीही बाहेर पडले नसते.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझं लक्ष पावलांकडे गेलं. फोटो भुरकट होता, पावलं म्हणजे नुसते करडे ठिपके. फूटपाथवरून ते दारांकडे वळत होते. एका दाराशी एक ओळ, पुढच्या दाराशी दोन. मी दुपारचा चहा बाजूला ठेवला आणि दारं मोजली. त्या फोटोत अकरा दारं दिसत होती. प्रत्येक दाराशी जाणारी पावलं होती. दारातून परत निघालेली एकही ओळ नव्हती.

दिशा कशी कळली, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलं. एवढ्याशा ठिपक्यांत टाच कुठली आणि चवडा कुठला हे दिसणं शक्य नाही. पण ओळ फूटपाथवरून निघते तिथे ठिपके पुसट आणि बर्फाने बुजलेले होते, दाराजवळ ते ठळक होते, आणि पायरीवर शेवटचा ठिपका सगळ्यात काळा. परतीची ओळ असती तर तिच्या बाजूला दुसरी ओळ असती. मी घरी जायच्या वेळेपर्यंत बघितलं. संध्याकाळी एका दाराशी, जिथे दुपारी एक ओळ होती, तिथे दोन झाल्या. दोन्ही आत जाणाऱ्या.

मागच्या दाराने बाहेर पडत असतील, असं मी ठरवलं.

४

पुढच्या रविवारी मी ती दोन पानं वाचून दाखवली. पावलांचा भाग आला तेव्हा काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतकं त्यांना हसू आलं.

"चैत्राली," ते म्हणाले, "तुझ्या सासरी माणसं घरात जातात. ऐकलंस का? घरात जातात. वाईट आहे बाई."

ताईही हसली. मला ते लागलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "माझं खोटं. मग एक करा. लग्न मेमध्ये आहे ना? त्याच्याआधी ताईला तिकडे जाऊन येऊ द्या. दोन आठवडे. तिला स्वतः शहर बघू द्या, घर बघू द्या, त्या शशीकाकूंना समोरासमोर भेटू द्या. फोनवर कुणीही काहीही बोलतं."

"लग्नाआधी?" आई म्हणाली. "अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. बाबा, तुम्ही तरी बोला. तुम्ही घर घेताना सतरा घरं बघितलीत. नळ सोडून बघितलेत."

बाबांनी पेपर खाली ठेवला. ते बोलणार म्हटल्यावर सगळे त्यांच्याकडे वळले, कारण ते वर्षातून एखाद्या वेळीच बोलतात. "जाऊ दे तिला," ते म्हणाले.

मी जिंकले. आमच्या घरात मी आयुष्यात जिंकलेला हा पहिला वाद. एकोणीस फेब्रुवारी, शनिवार, हीथ्रोहून दुपारचं विमान. मी इतकी खुशीत होते की ताईला तिकडच्या थंडीसाठी थर्मल घ्यायला मीच घेऊन गेले, आणि दुकानात ती एका राखाडी मफलरला बराच वेळ हात लावून उभी होती तेव्हा तिला विचारलंही नाही की तिला जायचं आहे का.

५

यमुनामावशीला फोन करायचं माझ्या डोक्यात आलं ते जाण्याच्या आठवड्यात. ताईला शशीकाकूंचा पत्ता हवा होता. आईने नंबर दिला आणि मी सोमवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी नाशिकला फोन लावला. तिकडे दुपार होती.

"शशीचा पत्ता?" मावशी म्हणाल्या. "अगं, पत्ता नाही माझ्याकडे. लागतोच कशाला? दर रविवारी फोन येतो तिचा. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नाही बघ."

"पण त्या भारतात येतात तेव्हा..."

"आली नाही ती. जमलंच नाही तिला. सासरे गेले तेव्हाही नाही. पण फोनवर इतकी रडली, इतकी रडली की समोर असती तरी एवढी रडली नसती. पोर गुणाची. इथे होती तेव्हा उलट बोलायची, नको नको म्हणायची. तिकडे गेली आणि सुधारली."

त्यांच्या मागे कुणीतरी बोललं. बाईचा आवाज, घोगरा, फोनपासून दोन-तीन हातांवरचा. "यमुनावहिनी, कोण आहे? मला द्या ना जरा. मला बोलायचंय."

"मावशी, तुमच्याशी कुणीतरी बोलतंय," मी म्हणाले.

"माझ्याशी? छे गं. घरात कोण आहे? सासरे गेले, शशी गेली, मी एकटीच."

"आत्ता कुणीतरी 'वहिनी' म्हणालं."

"रेडिओ असेल शेजारचा," मावशी म्हणाल्या. मग भांडं सरकवल्यासारखा आवाज आला आणि त्या फोनपासून तोंड न हटवता, माझ्याशीच बोलत असल्यासारख्या म्हणाल्या, "पानं वाढायचीत बाई मला. ठेवते हं."

मी ट्रेनमध्ये बसल्यावर विचार करत राहिले. एकटी बाई पानं वाढत नाही, पान वाढते. पण बोलायची सवय असते एखाद्याची. रेडिओवर नाटक लागलेलं असू शकतं. नाटकातल्या बाईला यमुना नावाची वहिनी असू शकते. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त ही सगळी उत्तरं मी एकटीच तयार करत होते आणि ज्यांनी करायला हवी होती ते सगळे ताईच्या बॅगेत मेतकुटाचे पुडे भरत होते.

६

बुधवारी मी सुट्टी घेतली. आई लोणचं आणायला बाहेर गेली होती, बाबा ऑफिसात. बैठकीच्या खोलीत जमिनीवर ताईची बॅग उघडी होती आणि ती घड्या घालत बसली होती. मी बिनवायरचा फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिले. दार सताड उघडं होतं. ताई मला पूर्ण दिसत होती.

मी कार्डावरचे आकडे दाबले आणि सुचेता नर्सचा नंबर लावला. मला तिला एकच गोष्ट विचारायची होती: शहरातून बाहेर जाणारी बस कधी असते. बस. एवढंच. त्याचं ठरलेलं उत्तर कुणाकडे तयार नसणार.

पाच वेळा रिंग झाली. मग फोन उचलला गेला.

"हॅलो?"

मी दारातून आत बघितलं.

"हॅलो, कोण? तनू?" फोनमधून ताई म्हणाली. "तनूच ना? अगं, बोल की."

समोर ताई गुडघ्यांवर बसून केस वर बांधत होती. दोन्ही हात डोक्याच्या मागे होते आणि दातांमध्ये तिने पीन धरली होती. ओठ मिटलेले. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या: काय गं?

"बाहेर थंडी आहे," फोनमधली ताई म्हणाली, "पण आत आलं की काही वाटत नाही. तू उगाच काळजी करतेस. शनिवारी येतेच आहे की मी."

मग क्लिक, आणि कार्डवाल्या कंपनीची ती इंग्रजी बाई: तुमची मिनिटं संपली आहेत.

मी आत गेले आणि ताईच्या समोर बसले. काय झालं ते सांगितलं. ओरडले नाही, रडले नाही, ऑफिसात रिपोर्ट देतात तसं सांगितलं. ती पीन केसांत खोचेपर्यंत ऐकत राहिली.

"माझ्यासारखा आवाज असेल कुणाचा तरी."

"तिने मला तनू म्हटलं."

"आईने सांगितलं असेल त्यांना तुझं नाव. तनू, या स्वस्त कार्डांचं काही खरं नसतं. मागे बाबांना पुण्याला लावताना घाना लागलं होतं."

"ताई, जाऊ नकोस."

तिने हातातला स्वेटर खाली ठेवला. मी तिला रागावलेलं फार कमी वेळा पाहिलंय, तेव्हाही ती रागावली नव्हती, दमली होती. "आधी काका म्हणाले लग्न कर. मग तू म्हणालीस जाऊन बघ. आता म्हणतेस जाऊ नको. तुम्ही सगळे एकदा बसून ठरवा ना माझं काय करायचं ते. मी बॅग भरून ठेवते, तुम्ही सांगाल तिकडे नेते."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. पहिल्यांदा.

"मला जायचंच नव्हतं," ताई म्हणाली. "नाताळातही नाही. मी म्हटलं होतं आईला. ती म्हणाली, बरं बरं, चहा टाक."

७

गुरुवारी रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगितलं. ताईला लग्न नको आहे, तिकडे जायचं नाही, तिला विचारा, ती समोर बसली आहे.

"चैत्राली, असं आहे का?" आईने विचारलं.

"हो," ताई म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. मी ऐकलं.

"घाबरलीय," काका म्हणाले. "सगळ्या मुली घाबरतात. तू नव्हतीस का घाबरली, श्यामला?" आणि आई हसली, आणि तिने आपल्या लग्नाच्या वेळी ती कशी माळ्यावर लपून बसली होती त्याची गोष्ट सांगितली. आम्ही ती शंभर वेळा ऐकली आहे. ती नेहमी विनोद म्हणून सांगते. गोष्ट संपली तेव्हा ताईच्या 'हो'चं काय झालं ते कुणालाच आठवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी ताईचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये टाकला आणि ऑफिसला जायच्या ऐवजी केंब्रिजची गाडी पकडली. कॉलेजातली मैत्रीण रश्मी तिथे फिजिक्समध्ये रिसर्च करते. मोबाइल बंद केला. तिच्या खोलीत जमिनीवर झोपले आणि शनिवारी सगळं तिला सांगितलं.

रश्मीने नीट ऐकलं. आवाज उपग्रहावरून जाऊन परत कसा येतो, एकाच लाइनवर दोन फोन कसे अडकतात, कुकरची शिट्टी मनात बसली की कशी सगळीकडे ऐकू येते, हे तिने मला कागदावर आकृत्या काढून समजावलं. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण पासपोर्ट आणलास ते छान केलंस," आणि तेव्हा मला परत भीती वाटली.

संध्याकाळी मोबाइल सुरू केला. काकांचे चौदा मिस्ड कॉल होते आणि ताईचा एक मेसेज: विमान गेलं. मी घरीच आहे. आई जेवत नाहीये. उद्या ये.

८

रविवारी पावणेचारला मी घरी पोचले. दार आईने उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"शोभतं का तुला हे?" ती म्हणाली. "सुश्रुत विमानतळावर ताटकळला असेल. त्या माणसांना आता काय तोंड दाखवायचं? चौकशी करून, सगळं ठरवून..."

"तोंड ताईचं आहे, आई. ते तिला कुठे दाखवायचं ते ती ठरवेल."

"उलट बोलू नकोस," काका आतून म्हणाले.

ताई जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पाय पुढे पसरून. गळ्यात तो राखाडी मफलर होता. समोर चहाचा कप. ती माझ्याकडे बघून अगदी थोडी हसली. मी पासपोर्ट टेबलावर आपटला. घ्या, म्हणाले, आणि माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरडा, पण तिला एक शब्द बोलू नका. काकांनी ओरडायला सुरुवात केली. मी, माझं शिक्षण, या देशातली हवा, आमच्या घराण्यात आजवर न झालेलं असं काय काय झालं. आई मध्येच ताईकडे वळली. "आणि तू गं? तुला बोलता येत नव्हतं?"

फोन वाजला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. बाबांनी उचलला, सवयीने स्पीकरचं बटण दाबलं.

"बाबा," फोन म्हणाला, "मी पोचले."

माझ्या शेजारी ताईने कप खाली ठेवला तेव्हा बशीवर तो थोडा वाजला.

"विमानाला उशीर झाला म्हणून काल फोन नाही केला. सुश्रुत आला होता घ्यायला. घर खूप छान आहे. शशीकाकू भेटल्या. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं तसंच आहे सगळं. आई आहे का?"

आईने एकदा ताईकडे बघितलं. एकदा फोनकडे. बाजारात मेथीच्या दोन जुड्यांमधली एक उचलायला तिला याहून जास्त वेळ लागतो.

"बोल गं बाळा," ती फोनला म्हणाली. "जेवलीस का?"

"आई," टेबलाच्या टोकावरून ताई म्हणाली.

"जेवले. आणि लग्नाचं तुम्ही म्हणाल तसं करू. मेमध्ये केलं तरी चालेल, इथेच केलं तरी चालेल. तुम्ही ठरवा."

"बघ, कशी बोलते," काका बाबांना म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "उगाच जीव टांगणीला लावला होता सगळ्यांनी."

ते दहा मिनिटं बोलले. आईने मेतकूट ओलं होऊ देऊ नकोस म्हणून सांगितलं. मेतकुटाचे पुडे ताईच्या बॅगेत होते आणि बॅग जिन्याखाली उभी होती. मला ती तिथून दिसत होती. बाबांनी जपून राहा म्हटलं. फोन ठेवल्यावर आई उठली, ताईच्या समोरचा कप उचलला, अर्धा चहा सिंकमध्ये ओतला आणि कप धुऊन पालथा घातला.

"मी पीत होते," ताई म्हणाली.

आई टेबल पुसायला लागली. फडकं ताईच्या हातापर्यंत आलं आणि हाताच्या कडेने फिरून पुढे गेलं.

"पोचली बाई," काका माझ्याकडे वळून म्हणाले. राग पार गेला होता, चेहऱ्यावर माया होती. "आता तुझं तेवढं राहिलं."

ताईने माझी बाही धरली. तिने आवाज चढवला नाही. आमच्या घरात तिने तो कधीच चढवला नव्हता. "तनू, तू ओरड ना," ती म्हणाली. "तुझं ऐकू जातं त्यांना."

मी ओरडले. ही इथे बसली आहे, म्हणाले, ही बघा, हिचा हात बघा, हिचा पासपोर्ट बघा, तुम्ही कुणाशी बोललात? घसा बसेपर्यंत ओरडले. काका म्हणाले, हळू, शेजारी इंग्रज आहेत. आईने फडकं पिळलं. बाहेर ढगांनी अंधारून आलं होतं, म्हणून बाबा खिडकीचा पडदा ओढायला उठले.

आता ताई माझ्याबरोबर मँचेस्टरला राहते. आई दर रविवारी पेलमोरला फोन लावते. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की त्या दिवशी त्यांना ती दिसेनाशी झाली. ते ऐकायला सोपं जातं. पण मी तिथे होते. खिडकीकडे जाताना बाबा ताईच्या खुर्चीपाशी थांबले, तिच्या पसरलेल्या पायांना आपला पाय लागू नये म्हणून त्यांनी वळसा घातला, आणि मग पडदा ओढला.